कच्च्या हाडाचा घोडा

भावाने घोडा आणला असं कळलं म्हणून मी रविवारी मुरुडला गेले. घोडा माडाखाली बांधला होता आणि भाऊ नव्या गाडीभोवती फिरावं तसा त्याच्याभोवती फिरत होता. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, पाय लांबच लांब.

"चार वर्षांचा आहे," भाऊ म्हणाला. "एकदम तयार. उद्यापासून खोगीर टाकायचं."

मी पिशवी ओट्यावर ठेवली, घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला आणि तोंड उघडून बघितलं. पुढचे सगळे दात दुधाचे होते. मधला एक नुकताच हलायला लागला होता. घोड्याचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमारास पडतात.

"हा चारचा नाही. हे अजून शिंगरूच आहे. दोन पुरी होऊन काही महिने झाले असतील, एवढंच."

"विकणाऱ्याने शपथ घेतली गो ताई!"

"शपथेने दात बदलत नाहीत."

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण पुढचं सगळं मला तिथेच दिसायला लागलं होतं. मी सरकारी नोकरीतली जनावरांची डॉक्टर. माझा दवाखाना आतल्या बाजूच्या एका गावात आहे, आणि माझे दिवस गायी, शेळ्या आणि कोंबड्यांमध्ये जातात. पण ही नोकरी लागण्याआधी मी काही वर्षं घाटावर, घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर काम केलं होतं. तिथे दिवसभर एकच काम: शिंगरांचे पाय बघायचे. कोकणात आल्यावर त्या विद्येला गिऱ्हाईक उरलं नाही. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे थोडे घोडे आहेत, पण त्यांचे मालक डॉक्टरला बोलावतात ते घोडा खाली बसला की. त्यामुळे आपल्याला येणारी एकमेव खास गोष्ट कुणाला नकोच आहे, ही चिडचिड माझ्यात बरीच जुनी होती. आता घोडा माझ्याच माहेरी येऊन उभा राहिला होता.

भाऊ मुंबईत एका मालवाहतुकीच्या कंपनीत होता. कंपनी बंद पडली तेव्हा तो बायकोला घेऊन मुरुडला परतला. घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. किनाऱ्यावरचा एक घोडेवाला धंदा सोडून निघाला होता, त्याची पांढरी घोडी घेतली. घोडी विशीच्या पुढची, मागच्या पायाने सकाळी लंगडायची. घरात सगळे तिला म्हातारीच म्हणत. म्हातारीने दोन हंगाम काढले. मग भावाला वाटलं, आता तरणा घोडा पाहिजे.

मी त्याचा हात धरून घोड्याच्या पुढच्या गुडघ्याच्या जरा वर ठेवला. "इथे हाड अजून वाढतंय. हाडाच्या टोकापाशी मऊ कुर्चेची एक चकती असते, तिथेच ते लांब होतं. लांबी पुरी झाली की चकतीचं हाड बनतं आणि ती बंद होते. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडातली चकती केव्हाच बंद झाली. ही वरची अजून उघडी आहे. आणि पाठीचे मणके? ते पाच वर्षांपर्यंत पक्के होत नाहीत. तू बरोबर त्यांच्यावरच खोगीर ठेवणार."

"पण उंच तर पुरा वाटतो."

"शिंगरू जन्मतःच लांब पायांचं असतं. उंची बघून फसायला होतं."

"मग करू काय?"

"अजून वर्षभर पाठीवर कुणाला बसवायचं नाही. पण बांधूनही ठेवायचं नाही. मोकळा पळू दे. ह्या वयात हाड जसं वापरावं तसं घडतं. पळालं तर जाड होतं. नुसतं उभं राहिलं तर शरीर म्हणतं, एवढं हाड कशाला पाहिजे? आणि काढून घेतं."

त्याने मान हलवली. गावामागे चढ चढून गेलं की जांभ्याचा मोठा कातळ आहे, पावसात तिथे गुडघाभर गवत येतं. "कातळावर सोडतो की," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पावसाळ्यात मला सुट्टी अशी मिळत नाही. लसीकरण, अडलेल्या गायी, वाहून गेलेले साकव, त्यामुळे लांबून चालत जाणं. फोनवर विचारलं की भाऊ म्हणायचा, "मस्त आहे, खातोय." गणपतीत मी माहेरी गेले आणि हातपाय न धुता आधी गोठ्यात डोकावले.

घोडा आखूड दाव्याने खुंटीला बांधलेला होता. पुढ्यात पेंढा, आणि बादलीत भाताचा कोंडा. दाव्याने खुंटीच्या लाकडाला खाच पडली होती. तेवढ्या जागेत तो एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, असा सगळा पावसाळा उभा होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तूच म्हणालीस ना, काम द्यायचं नाही," भाऊ म्हणाला.

"पाठीवर माणूस नको असं म्हणाले मी. मोकळा सोड हेसुद्धा म्हणाले होते!"

"कातळ सामाईक आहे. सगळ्यांनी गवत राखलंय, कापणीपर्यंत कुणाचं जनावर वर जाता नये. मी एकटा घोडा सोडून भांडणं विकत घेऊ?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, तेच अधिक चीड आणणारं होतं. पण किनारा होता ना! सकाळी ओहोटीला दोर धरून फिरवून आणता आला असता. माझ्या वाक्याचा अर्धा भाग त्याने घेतला होता, जो सोपा होता तो.

"आणि हा कोंडा कुणी सांगितला?"

"गायी खातात, म्हशी खातात."

"घोडा गाय नाही रे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. कॅल्शियम कमी पडलं की घोडा ते आपल्याच हाडातून काढतो. जबडा सुजतो, पाय पोकळ होतात. उभं ठेवून तू हाड घडू दिलं नाहीस, आणि वर हे खायला घालून होतं तेही पोखरतोयस."

आतून भावजय बाहेर आली होती. ती मूळची दाभोळची, बोलायला कमी. तिने बादली उचलली आणि कोंडा गायीच्या पुढ्यात ओतला. "ह्याला काय घालायचं ते सांगा ताई," ती म्हणाली. मी घोड्याचा जबडा दोन्ही बाजूंनी चाचपला, अजून ठीक होता. हिरवं गवत, भिजवलेले हरभरे थोडे आणि कॅल्शियमची पावडर असं तिला सांगितलं. आरतीला मी उभी राहिले तेव्हाही मनात भांडणच चाललं होतं.

दिवाळीनंतर पर्यटक आले. मी दवाखान्यात एका शेळीला सलाईन लावून बसले होते. सहज मोबाइल बघितला, तर भावाच्या स्टेटसवर व्हिडिओ. ओल्या वाळूवरून तांबूस घोडा भरधाव सुटलाय, पाठीवर कॉलेजातले दोन आडदांड मुलगे, एकामागे एक बसलेले, आणि मागून भावाचा आवाज: "जाऊ द्या, जाऊ द्या, काय नाय होत!"

मी फोन लावला. "गिऱ्हाईक आहे ताई, नंतर करतो," म्हणून त्याने ठेवला. नंतर केला नाही. मी परत केला, तर उचलला नाही. मग काही दिवसांनी भावजयीचा फोन आला. "घोडा पावलं आखडून टाकतोय. पुढच्या नळ्या गरम लागतात. हे म्हणतात थकलाय. तुम्ही येता का?"

गेले. गुडघ्याखालची नळी पुढून थोडी फुगली होती, उजव्या पायाची जास्त. अंगठ्याने दाबल्याबरोबर घोड्याने पाय झटकन काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. फार्मवर ही नजर मी पुष्कळ बघितली आहे. जनावर चिडलेलं नसतं, त्याला नुसतं कळत नसतं की हे काय चाललंय.

"आजपासून बंद," मी म्हणाले.

"आत्ता? हंगाम आत्ता सुरू झालाय!"

"नळी फुटली की हंगाम आणि घोडा दोन्ही जाईल."

"किनाऱ्यावरचे बाकीचे घोडे पळतातच की! त्यांचं काय नाय होत?"

"त्यांची वयं विचार. आणि त्यातले किती घोडे वर्षादोन वर्षांत दिसेनासे होतात तेही विचार. ते कुठे जातात?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते."

"मला डोळे आहेत म्हणून दिसते!" माझा आवाज एवढा चढला की खोलीत उतरलेले पाहुणे दारात आले. भाऊ ओशाळला, मीसुद्धा. मग मी त्याला पायरीवर बसवलं आणि शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं. "हाड म्हणजे दगड नाही. त्यावर जास्त जोर आला की ते स्वतःला दुरुस्त करायला घेतं. आधी जुना, तडकलेला भाग खणून काढतं, मग नवा भरतं. खणणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. चार महिने उभा ठेवलेला घोडा तू एकदम पळवलास. आत सगळीकडे खणती चालू झाली आहे. रस्ता खणलेला आहे, खडी-डांबर अजून आलेलं नाही, आणि तू त्यावरून भरलेला ट्रक नेतोयस."

रस्ता त्याला कळला. पण पटलं नाही. "आतलं तुला कसं दिसतं?" तो म्हणाला.

हा प्रश्न बरोबर होता. मलाही नळीत चीर आहे की नाही ते बघायचंच होतं. पण मोठ्या जनावराचा एक्स-रे काढायचा तर घाट चढून जावं लागतं, आणि अशा पायांनी त्याला टेम्पोत उभा करून घाटातल्या वळणांवरून नेणं म्हणजे जी चीर नसेल ती पाडणं. दापोलीत हाडांचे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांच्या कुत्र्यावर मी उपचार केले होते. त्यांच्याकडे पलंगापाशी नेता येणारं छोटं मशीन होतं. मी संकोचत विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, घोडा कधी काढला नाही. येतो."

रविवारी दुपारी ते स्वतः गाडीत मशीन घालून आले. स्वयंपाकघरातून वायर ओढली. व्होल्टेज एवढं कमी की फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप सगळं बंद करावं लागलं. भावजयीने शिशाचा जड एप्रन घातला आणि लांब दांड्याच्या पकडीत एक्स-रेची प्लेट धरून घोड्याच्या पायाशी उभी राहिली. भाऊ लगाम धरून. पहिल्यांदा घोडा हलला. दुसऱ्यांदा भाऊ शिंकला म्हणून घोडा हलला. पुढच्या वेळी लाइटच गेली. डॉक्टर माडाखाली खुर्चीत बसून शहाळं पीत राहिले, आणि मी आतबाहेर करत दिव्याचं बटण दाबून बघत राहिले. लाइट आली तेव्हा कुठे चित्र मिळालं.

लॅपटॉपवर नळीची पुढची कड अस्पष्ट दिसत होती, लोकर लावल्यासारखी. घाईघाईने भरलेलं नवं हाड. त्यात एके ठिकाणी केसासारखी फिकट रेघ, चीर म्हणावी की नाही अशी. आणि गुडघ्याच्या वर, जिथे मी भावाचा हात ठेवला होता, तिथे आडवी काळी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी.

"हे तर शाळकरी पोराचं हाड आहे," डॉक्टर भावाला म्हणाले. "ह्या रेघेपाशी ते अजून वाढतंय. एवढ्या पोराच्या पाठीवर तुम्ही पोतं द्याल का?"

भाऊ बराच वेळ लॅपटॉपपुढे वाकून उभा होता. मी पहिल्या दिवसापासून जे सांगत होते तेच ते होतं. पण माझ्या तोंडून ते बहिणीची कटकट होतं, आणि पडद्यावर आलं तेव्हा ते खरं झालं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मशीन आलंच होतं म्हणून मी म्हणाले, म्हातारीच्याही मागच्या पायाचा एक्स-रे काढू या. नवा घोडा आल्यापासून ती गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नुसती उभी होती. तिला आता कुणी घेणार नाही, असं भाऊ म्हणायचा. तिचं चित्र एका झटक्यात आलं, ती हललीच नाही. मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याखाली दोन छोटे, चपटे सांधे असतात. तिचे ते सांधे दिसलेच नाहीत. हाडं एकमेकांत मिसळून एक झाली होती.

"आम्ही माणसांना हे स्क्रू घालून करतो," डॉक्टर म्हणाले. "हिने घरच्या घरी केलं."

भावाला काही कळेना, म्हणून मी समजावलं. सांधा झिजतो तेव्हा दुखतो, हाडाच्या कडा वाढतात, जनावर वर्षानुवर्षं लंगडतं. पण हे छोटे सांधे फारसे हलायचे नसतातच. ते पुरते जुळून गेले की तिथलं दुखणं बऱ्याचदा थांबतं. आता ती सकाळी आखडते ती उभी राहून राहून. ह्या वयात नवं हाड फार सावकाश बनतं, त्यामुळे तिला पळवायचं नाही, नवीन काही करायला लावायचं नाही. पण रोज चालवलंच पाहिजे, नाहीतर आहे तेही जाईल.

म्हणजे जिला चालवायला हवं होतं ती गोठ्यात, आणि ज्याच्या पाठीवर कुणी बसता नये तो किनाऱ्यावर. घोडा आल्यापासून ह्या घरात नेमकं उलटं चाललं होतं. मी ते मोठ्याने बोलले. डॉक्टर हसले, भाऊ नाही.

"म्हातारीवर बसणार कोण?" तो एवढंच म्हणाला. "लोकांना पळणारा घोडा लागतो. रील काढायचं असतं."

लहान मुलं बसली. दुसऱ्याच शनिवारी आयांनी आपापली पोरं म्हातारीवर बसवायला रांग लावली, कारण ती पळत नव्हती. सकाळी आधी अंगणात थोडी फिरवायची, पाय मोकळे झाले की किनारा, उन्हं तापली की परत, असं भावजयीने ठरवून टाकलं आणि ते मोडू दिलं नाही. महिन्याभराने भाऊ मला फोनवर म्हणाला, "मी म्हणतच होतो, म्हातारी कामाची आहे." मी फोन कानापासून दूर धरला आणि काहीतरी बोलायच्या आधी पाणी प्यायले.

घोड्याचं मात्र सोपं नव्हतं. आधी विश्रांती, पण पुन्हा खुंटीला बांधून नाही. भावजय त्याला सकाळी ओहोटीच्या घट्ट वाळूवर दोर धरून फिरवायची. कातळावरचं गवत कापून झालं तेव्हा ती स्वतः शेजाऱ्यांकडे गेली. आता वर राखायला काही उरलं नाही, मग घोडा सोडला तर चालेल का, असं विचारून आली. चालेल म्हणाले. एवढं साधं होतं ते. पावसाळ्याआधी भावाने विचारलं असतं तर निदान घरामागे एखादी जागा तरी कुणी दिली असती. मी हे त्याला म्हणाले, आणि आमचं पुन्हा वाजलं. मग बरेच दिवस आम्ही बोलत नव्हतो. निरोप भावजयीमार्फत जायचे.

उन्हाळ्यात मला पुन्हा एक चित्र काढायचं होतं. नळीची ती लोकरीसारखी कड आता गुळगुळीत झाली असेल, पुढून हाड जाड झालं असेल, केसासारखी रेघ बुजली असेल, असं मला वाटत होतं, पण वाटणं वेगळं. डॉक्टरांना फोन केला तर ते दवाखाना आवरून पुण्याला मुलीकडे निघाले होते, मशीन आधीच कुणाला तरी देऊन टाकलं होतं. "तुमचा अंगठा वापरा मॅडम," ते म्हणाले. "आम्ही पूर्वी तेच करायचो."

अंगठ्याने दाबलं. घोड्याने पाय काढला नाही. दुसरा दाबला. त्याने माझ्या खांद्यावर नाक टेकून श्वास सोडला. मधले दोन्ही दात पडून तिथे मोठे, पिवळसर, पक्के दात आले होते. भाऊ गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. मधल्या अबोल्यानंतर आमचं पहिलं बोलणं तेच.

"बरा झाला ना?"

"बाहेरून तरी."

"म्हंजे झालं तर मग." आणि तो गिऱ्हाइकाकडे गेला.

त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. पाय मोडला असता तर सगळ्या मुरुडने बघितलं असतं, लोक हळहळले असते, डॉक्टर बहीण असून काय उपयोग असंही म्हणाले असते. मोडला नाही, तर बघण्यासारखं काही उरलं नाही. माझ्या कामात हे नेहमीचंच आहे. लस टोचलेली गाय आजारी पडत नाही, आणि मालक म्हणतो, बघा, उगीच टोचलीत. एवढ्या वर्षांत मला त्याची सवय व्हायला हवी होती.

ह्या हिवाळ्यात घोड्याच्या पाठीवर लहान पोरं बसायला लागली आहेत, नुसतं चालत, तेही थोडा वेळ. भावाची अजून कुरकुर चालू असते की एवढा तगडा घोडा आणि मेंढीसारखा चालवायचा. भावजयीने दुपारी त्याला कातळावर सोडायचं काही बंद केलेलं नाही. परवा तिने तिथला व्हिडिओ पाठवला. पिवळ्या पडलेल्या गवतात घोडा आपल्याच मनाने उधळलाय, शेपटी वर, आणि मागे भाऊ कुणाशी तरी बांधाच्या दगडांवरून हुज्जत घालतोय.

मी दवाखान्यात होते, बाहेर माणसं शेळ्या घेऊन बसली होती. मी आवाज बंद केला आणि फक्त पुढचे पाय बघितले. सरळ पडत होते. उजवा किंचित आखडतोय की काय, असं शेवटी शेवटी वाटलं. मी व्हिडिओ पुन्हा लावला.